शाळेच्या आवारातील लिंबोणी व तिचे खत

कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यांत लिंबोणीचे एखादे तरी झाड नाही अशी वाडी क्वचितच आढळेल. घरामागचे परडे, विहिरीची कड, न्हाणीचे पाणी जेथे वाहून जाते ती जागा, देवळामागील मोकळे आवार, अशा ठिकाणी हे झाड उभे असते. पुष्कळ प्राथमिक शाळांच्या आवारांतही वृक्षारोपणाच्या निमित्ताने लिंबू, इडलिंबू किंवा मोसंबी यांची रोपे लावलेली असतात. रोप लावण्याच्या दिवशी समारंभ होतो, मुले पाणी घालतात, कुंपण बांधतात. पुढे दोन-तीन वर्षांनी झाड पिवळे पडू लागले म्हणजे कोणी तरी मूठभर खत आणून बुंध्याशी टाकतो. झाड सुधारले तर खताला यश मिळते, वाळले तर जमिनीला दोष मिळतो. या दोन्ही प्रसंगी मुले काही शिकत नाहीत, ही त्यातील खरी हानी होय.

वास्तविक झाडाला अन्न कसे मिळते, किती लागते व केव्हा लागते हा विषय प्राथमिक शाळेला अत्यंत अनुरूप आहे. त्यात परिसराचे निरीक्षण आहे, तोलमाप व शेकडेवारीचे गणित आहे, मातीचा भूगोल आहे आणि हातांनी करावयाचे कामही आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने उद्योगातून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला. ती योजना त्या स्वरूपात आज चालू नसली, तरी शालेय पोषण आहाराच्या निमित्ताने परसबागेला शाळेत पुन्हा स्थान मिळाले आहे. या परसबागेतील एक लिंबोणी वर्षभराच्या अभ्यासाला पुरेशी आहे. प्रस्तुत पाठ चौथी ते सातवीच्या वर्गांना डोळ्यांसमोर ठेवून योजिला आहे.

आरंभी एका शब्दाविषयी सावध राहावे. आपल्या भागात ‘लिंबाचे झाड’ म्हटले की पुष्कळ मुलांच्या डोळ्यांसमोर कडुलिंब येतो. त्यामुळे पाठात आंबट फळाच्या झाडाला ‘लिंबोणी’ म्हणावे. हा भेद पुढे खताच्या प्रकरणीही उपयोगी पडतो, कारण कडुलिंबाच्या निंबोळीची पेंड हे लिंबोणीचे उत्तम खत आहे. एका झाडाचे बी दुसऱ्या झाडाचे अन्न होते, ही गोष्ट मुलांना नावांच्या सारखेपणामुळे अधिकच स्मरणात राहते.

लिंबोणीचे कुटुंब

कागदी लिंबू, मोसंबी, संत्रे, पपनस, महाळुंग व इडलिंबू ही सर्व एकाच कुळातील झाडे होत. पान चुरगाळले असता येणारा वास आणि पान उजेडासमोर धरले असता दिसणारे तेलाचे बारीक ठिपके ही या कुळाची ओळख. मोसंबी हे नाव आफ्रिकेतील मोझांबिक देशावरून आले. महाराष्ट्रात नागपूरचे संत्रे प्रसिद्ध आहे, आणि या कुळाच्या अभ्यासासाठी १९८५ साली तेथेच राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. कोल्हापूर जिल्हा उसाचा व गुळाचा म्हणून ओळखला जातो. येथे लिंबूवर्गीय फळांच्या मोठ्या बागा थोड्या, पण घरोघरची झाडे पुष्कळ. म्हणूनच बागाइतदाराला जे शास्त्र कृषी सहायकाकडून कळते ते परड्यातील एकट्या झाडापर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचविण्याचे काम शाळा करू शकते.

ही झाडे वर्षभर हिरवी असतात. आंब्यासारखी वर्षातून एकदाच मोहरून ती थांबत नाहीत. त्यांना आपल्याकडे तीन बहार येतात : जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. आंब्याच्या मोहराचे दिवस, मृग नक्षत्र व हस्त नक्षत्र यांवरून ही नावे पडली आहेत. ज्या झाडाला वर्षातून अनेकदा पालवी, फुले व फळे धरावी लागतात त्याची भूकही मोठी असते. लिंबूवर्गीय झाडे खादाड मानली जातात ती यामुळेच.

पहिली तासिका : झाड व माती पाहणे

खताचे नाव काढण्यापूर्वी मुलांना झाडाजवळ न्यावे व केवळ पाहावयास सांगावे. शिक्षकांनी पुढील क्रमाने प्रश्न विचारावेत : पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे, जुन्या की कोवळ्या? सर्व पान पिवळे आहे की शिरा हिरव्या राहिल्या आहेत? पाने नेहमीच्या आकाराची आहेत की लहान व अरुंद? बुंध्याशी पाणी साचते काय? सालीतून डिंक येतो काय?

या प्रश्नांची उत्तरे म्हणजे झाडाची तक्रार होय. नत्र कमी पडले म्हणजे झाड जुन्या पानांतील नत्र काढून कोवळ्या पानांकडे पाठविते. म्हणून जुनी पाने आधी पिवळी पडतात व गळतात. घरातील वडीलधारी माणसे स्वतःच्या ताटातले लेकरांना देतात, तसाच हा प्रकार. लोहाचे तसे नाही. ते एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. म्हणून लोहाची उणीव कोवळ्या पानांवर प्रथम दिसते : पान फिकट, परंतु शिरांची जाळी हिरवी. जस्त कमी पडले तर नवी पाने लहान, अरुंद व शिरांच्या मध्ये पिवळ्या डागांची येतात, आणि शेंड्याला ती गुच्छासारखी दाटतात. मॅग्नेशियमच्या अभावी जुन्या पानाच्या कडा पिवळ्या होऊन देठाकडे त्रिकोणी हिरवा भाग उरतो.

यावरून एक महत्त्वाचा नियम मुलांकडून वदवून घ्यावा : पिवळे पान दिसले म्हणजे युरिया, हे समीकरण चुकीचे आहे. कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडली असतील तर कितीही युरिया टाकला तरी ती हिरवी होणार नाहीत. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी तुंबून मुळे गुदमरली असतील, तर प्रथम चर काढून पाणी वाटेला लावले पाहिजे. गुदमरलेले मूळ अन्न घेऊ शकत नाही.

पाने पाहिल्यावर माती पाहावी. या बाबतीत आपला जिल्हा म्हणजे एक सजीव नकाशा आहे. पश्चिमेस गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या तालुक्यांच्या घाटमाथ्यालगत मोठ्या भागात तांबडी, जांभ्या दगडाची माती आहे. तेथे पाऊस उदंड पडतो, पाण्याबरोबर मातीतील क्षार धुऊन जातात आणि माती आम्ल होते. पूर्वेस शिरोळ, हातकणंगले या भागांत पाऊस पश्चिमेच्या मानाने कितीतरी कमी. तेथे काळी, खोल व पुष्कळ ठिकाणी चुनखडीयुक्त जमीन आहे. नदीकाठच्या बारमाही ओलितामुळे शिरोळ तालुक्यात बरीच जमीन क्षारपडही झाली आहे. एकाच जिल्ह्यातील दोन शाळांनी आपापल्या लिंबोणीला एकच उपाय करणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

मातीत चुनखडी आहे किंवा नाही हे पाहण्याचा साधा प्रयोग लिंबानेच करता येतो. पांढऱ्या खड्यांसह थोडी कोरडी माती बशीत घ्यावी व तीवर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे आले तर चुनखडी आहे असे समजावे. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, परंतु ते मुळांना घेता येत नाही अशा रूपात अडकून राहते. कोठीला कुलूप लावले म्हणजे आत धान्य असूनही घरात उपास पडतो, तशी त्या झाडाची स्थिती होते. यावर मातीत अधिक खत घालण्यापेक्षा सेंद्रिय खत वाढविणे व उणीव असलेल्या द्रव्याची पानांवर फवारणी करणे हा उपाय होय. जस्तासाठी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट व २.५ ग्रॅम विरविलेला चुना हे प्रमाण प्रचलित आहे. ही फवारणी मोठ्या माणसानेच करावी.

अधिक निश्चित ज्ञान हवे असल्यास माती तपासून घ्यावी. २०१५ सालापासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना देशभर सुरू झाली, त्यामुळे गावातील अनेक शेतकऱ्यांच्या घरी अशा पत्रिका आहेत. मुलांना त्या आणावयास सांगून वर्गात वाचाव्यात. नमुना घेण्याची रीतही शिकवावी : झाडाच्या घेराखाली चार-पाच ठिकाणी वरचा पालापाचोळा दूर करून खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने काढावी, सर्व माती एकत्र मिसळावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, व असे करीत अर्धा किलो माती उरवावी. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नये.

दुसरी तासिका : अन्नाचे गणित

झाडाला हवा व पाणी यांतून कर्ब, प्राणवायू व हायड्रोजन मिळतो. बाकीची द्रव्ये मातीतून घ्यावी लागतात. त्यांपैकी नत्र, स्फुरद व पालाश ही तीन अधिक प्रमाणात लागतात. नत्राने पाने व फांद्या वाढतात, स्फुरदाने मुळांना व फुलांना बळ येते, पालाशाने फळाचा आकार, रस व झाडाचा काटकपणा वाढतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४० नंतरच्या काळात एक तत्त्व लोकांच्या मनावर बिंबविले : झाडाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या द्रव्यावर अवलंबून असते. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी तिच्या उंचीपर्यंतच राहते. बाकीच्या फळ्या कितीही उंच केल्या तरी व्यर्थ. हे चित्र फळ्यावर अवश्य काढावे.

पूर्ण वाढलेल्या कागदी लिंबाच्या झाडाला वर्षाला सुमारे ६०० ग्रॅम नत्र, २०० ते ३०० ग्रॅम स्फुरद व ३०० ते ६०० ग्रॅम पालाश, शिवाय २० ते ३० किलो चांगले कुजलेले शेणखत अशा शिफारशी आढळतात. जमीन व जात यांप्रमाणे त्यांत फरक पडतो. म्हणून गावच्या कृषी सहायकाकडून आपल्या भागाची शिफारस विचारून घ्यावी. लहान झाडाला ही पूर्ण मात्रा कधीही देऊ नये. पहिल्या वर्षी १०० ग्रॅम नत्र, दुसऱ्या वर्षी २००, तिसऱ्या वर्षी ३००, असे वाढवीत सहाव्या वर्षी ६०० ग्रॅमवर थांबावे. स्फुरद व पालाश त्याच प्रमाणात वाढवावेत. तान्ह्या मुलाला कोणी पैलवानाचे जेवण घालीत नाही, हे सांगितले म्हणजे तालमींच्या या जिल्ह्यातील मुलांना वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

येथे शेकडेवारीचा पाठ आपोआप येतो. ६०० ग्रॅम नत्र म्हणजे ६०० ग्रॅम युरिया नव्हे. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. म्हणून :

६०० ग्रॅम नत्रासाठी युरिया = ६०० × १०० ÷ ४६ = सुमारे १,३०० ग्रॅम.

३०० ग्रॅम स्फुरदासाठी शेकडा १६ चे सिंगल सुपर फॉस्फेट = ३०० × १०० ÷ १६ = १,८७५ ग्रॅम.

३०० ग्रॅम पालाशासाठी शेकडा ६० चे म्युरेट ऑफ पोटॅश = ३०० × १०० ÷ ६० = ५०० ग्रॅम.

गोणीवर छापलेले आकडे वाचावयास मुलांना शिकवावे. १८:४६:०० असे लिहिले असेल तर पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. अनेक घरांत ही गोणी वर्षानुवर्षे येते, परंतु तिच्यावरील आकड्यांचा अर्थ घरात कोणासच ठाऊक नसतो. सहावीतील मुलीने तो अर्थ वडिलांना समजावून सांगितला, तर त्या दिवशी शाळेचे शिक्षण खऱ्या अर्थाने घरी पोहोचले असे म्हणावयास हरकत नाही.

क्षारपड जमिनीत म्युरेट ऑफ पोटॅश टाळलेले बरे, कारण त्यात क्लोराइड असते व लिंबूवर्गीय झाडांना ते सोसत नाही. तेथे सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे.

शेणखताचे गणितही करून पाहावे. चांगल्या शेणखतात शेकडा सुमारे अर्धा भाग नत्र असते. म्हणजे २० किलो शेणखतातून १०० ग्रॅमच नत्र मिळते. मग शेणखत कशाला, असा प्रश्न मुले विचारतील व तो विचारला जावा अशीच योजना करावी. उत्तर असे की शेणखत केवळ अन्न देत नाही. ते माती भुसभुशीत करते, ओल धरून ठेवते, जिवाणूंना आसरा देते, आणि रासायनिक खतातील द्रव्ये वाहून जाऊ देत नाही. जांभ्या मातीतील लोह व ॲल्युमिनियम आणि चुनखडीतील कॅल्शियम ही दोन्ही स्फुरदाला बांधून टाकतात. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून दिल्यास ही हानी कमी होते. शेणखत व रासायनिक खत यांत वाद नसून ती एकमेकांची सोबती आहेत.

गावात मिळणारी खते

आपल्या जिल्ह्यात खताची साधने विपुल आहेत, पण त्यांचा गुणधर्म ओळखून ती वापरावी लागतात. निंबोळी पेंडीत व भुईमुगाच्या पेंडीत नत्र शेणखताच्या कितीतरी पट असते. निंबोळी पेंडीमुळे मातीतील काही कीटकांनाही आळा बसतो. उसाचे पाचट जाळून टाकण्याऐवजी लिंबोणीच्या घेराखाली आच्छादन म्हणून पसरले तर ओल टिकते, तण दबते व कालांतराने त्याचेच खत होते. आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नये. चुलीच्या किंवा गुऱ्हाळाच्या राखेत थोडा पालाश असतो, पण राख अल्कधर्मी असते. पश्चिमेकडील आम्ल मातीत ती थोड्या प्रमाणात हितकर, तर पूर्वेकडील चुनखडीच्या जमिनीत अहितकर. एकच राख आजऱ्यात औषध व शिरोळात अपथ्य कशी ठरते, हा मुलांना विचारण्याजोगा उत्तम प्रश्न आहे.

कच्चे शेण झाडाला घालू नये. ते कुजताना मुळांना अपाय होतो, आणि उसाला त्रास देणाऱ्या हुमणीची अळी शेणाच्या उकिरड्यातून शेतात व बागेत येते. खत पूर्ण कुजल्याची खूण अशी की त्याला शेणाचा वास राहत नाही, रंग काळसर होतो व मूठ दाबून सोडली असता ते भुरभुर सुटते. शाळेने कंपोस्टचा खड्डा करावा. कचऱ्यापासून खत करण्याच्या शास्त्रीय पद्धतीत इंदूरचे नाव प्रसिद्ध आहे. तेथील संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी केलेले काम १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले व जगभर पोहोचले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात खत करण्याची रीत बसविली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. थोडेसे शेण, पुष्कळ पालापाचोळा व माती यांच्या थरांतून खत होते, हे शाळेला परवडण्यासारखे आहे.

तिसरी तासिका : खत कोठे व कसे घालावे

‘झाड कोठून जेवते?’ हा प्रश्न विचारल्यास बहुतेक मुले बुंध्याकडे बोट दाखवितील. मोठी माणसेही खत तेथेच टाकतात. परंतु बुंध्याजवळची मुळे जाड असून त्यांचे काम झाड उभे धरण्याचे व अन्न वाहून नेण्याचे असते. अन्न शोषणारी बारीक मुळे बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराच्या कडेपर्यंत व त्यापलीकडेही पसरलेली असतात. लिंबूवर्गीय झाडांची अशी मुळे बहुतांशी वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात. म्हणून खोल खणू नये. खोल खणणे म्हणजे जेवणाऱ्याचे हात तोडणे होय.

पावसाचे पाणी पानांवरून जेथे ठिबकते तेथे मुलांकडून काठीने वर्तुळ आखून घ्यावे. या वर्तुळाच्या आतल्या बाजूस सुमारे ३० सेंटिमीटर रुंद व ८ ते १० सेंटिमीटर खोल असा चर हलक्या हाताने उकरावा. त्यात प्रथम शेणखत, पेंड, सुपर फॉस्फेट व पालाश मिसळून पसरावेत. नत्राचा हप्ता सर्व वर्तुळावर सारखा शिंपावा, मातीने झाकावा व लगेच पाणी द्यावे. युरिया उघडा राहिला तर त्यातील नत्राचा काही भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. वर्तुळाची त्रिज्या दीड मीटर असेल तर परीघ सुमारे ९.४ मीटर भरतो. वर्षाच्या १,३०० ग्रॅम युरियाचे तीन हप्ते केले तर एका हप्त्यात सुमारे ४३० ग्रॅम, म्हणजे दर मीटरला साधारण ४६ ग्रॅम पडतात. मुठीत किती खत मावते हे शिक्षकांनी स्वतःची मूठ तराजूवर रिकामी करून दाखवावे. ‘मूठभर’ हे माप किती फसवे आहे ते मग सांगावे लागत नाही.

एकाच जागी अधिक खत पडले तर काय होते, हे समजावून देण्यास लोणच्याचे उदाहरण पुरेसे आहे. लिंबाच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मीठ फोडीतील पाणी बाहेर ओढते. खतही एक प्रकारचे क्षारच आहे. ते मुळाशी ढिगाने पडले तर मुळातील पाणी बाहेर ओढते व मूळ करपते. शेजारी पाणी असूनही झाड तहानेने मरते. बुंध्याशी टाकलेल्या मूठभर खताने रोप वाळते ते याच कारणाने.

बुंधा कोरडा राहणे हेही तितकेच आवश्यक आहे. बुंध्याशी सतत ओल राहिली की साल कुजून डिंक येऊ लागतो. शेतकरी यास डिंक्या म्हणतात. यासाठी दुहेरी आळे करावे : बुंध्याभोवती मातीचा लहान उंचवटा, व पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात. पंचगंगा व कृष्णा यांच्या काठच्या गावांनी २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांचा अनुभव घेतला आहे. पुराच्या पाण्यात राहिलेल्या झाडाच्या बुंध्याशी साचलेला गाळ प्रथम काढावा, चर घेऊन पाण्याचा निचरा करावा, आणि नवी पालवी फुटेपर्यंत रासायनिक खत देऊ नये. आजारी माणसाला आधी पेज व मग भाकरी, हा घरचा नियम येथेही लागू पडतो.

खत केव्हा द्यावे

बागाइतदार एकच बहार धरतात व त्याआधी झाडाला पाण्याचा ताण देतात. ताण तोडताना शेणखत, स्फुरद, पालाश व अर्धे नत्र देऊन उरलेले नत्र फळे धरल्यावर देतात. शाळेतील किंवा परड्यातील झाड वर्षभर थोडीथोडी फळे देते. त्याला वर्षात तीन हप्ते सोयीचे पडतात : जूनच्या आरंभी, पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात, व जानेवारीत. शेणखत, स्फुरद व पालाश जूनच्या हप्त्यात द्यावेत. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत, विशेषतः पश्चिमेकडील तालुक्यांत, नत्र मुळीच देऊ नये. ते मुळांना मिळण्याऐवजी ओढ्यास व ओढ्यातून नदीस मिळते. नदीत नत्र व स्फुरद वाढले की शेवाळ व जलपर्णी माजते. खताचा अपव्यय म्हणजे केवळ पैशाची हानी नव्हे, पाण्याचीही हानी होय.

नत्र अधिक झाले तर झाड हिरवेगार दिसते, पण बुंध्यापासून लांब, काटेरी पाणसोट फुटतात, फळे कमी धरतात, आणि कोवळ्या पालवीवर नागअळी व पाने खाणारी अळी यांची धाड पडते. दिसण्यातील टवटवी व खरे आरोग्य यांतील भेद या झाडावरून मुलांना चांगला दाखविता येतो.

सुरक्षिततेविषयी

रासायनिक खत मुलांच्या हाती देऊ नये. शिक्षकांनी किंवा मोठ्या माणसाने ते हातमोजे घालून पसरावे. मुलांनी मोजणी, आखणी, शेणखत पसरणे, पाणी देणे व नोंद ठेवणे ही कामे करावीत, व काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. युरियाचे पांढरे दाणे मीठ-साखरेसारखे दिसतात. म्हणून खत कधीही पोषण आहाराच्या खोलीत, धान्याजवळ किंवा खाण्याच्या डब्यांत ठेवू नये. खताची रिकामी गोणी धान्य भरण्यास वापरू नये. जनावरांनी युरिया खाल्ल्यास विषबाधा होते, हेही मुलांनी घरी सांगावे. या सूचनांच्या बाबतीत कोणतीही सवलत नाही.

नोंदवही व अभ्यास

वर्गाने झाडाची एक वही ठेवावी. तीत लावणीचे वर्ष, घेराचा व्यास, प्रत्येक हप्त्याची तारीख व वजन, पाऊस, पालवी, फुले, फळांची संख्या, पानांचा रंग यांची नोंद करावी. शक्य असेल तर एकसारख्या दोन झाडांपैकी एकाला केवळ शेणखत व दुसऱ्याला शेणखत व रासायनिक खत असे दोन देऊन वर्षभर तुलना करावी. अनुमान घाईने काढू देऊ नये. फळझाडाचा जबाब एका पावसाळ्यात मिळत नाही. रोपापासून वाढविलेल्या लिंबोणीला फळ धरण्यास चार-पाच वर्षे किंवा अधिकही लागतात. चौथीतील मुलांनी आरंभिलेली वही सातवीत त्यांच्याच हातून पुढच्या चौथीकडे सोपविली जावी.

मुलांसाठी पुढील प्रश्न योजावेत :

१. तुमच्या गावाची माती कोणत्या रंगाची आहे? लिंबाच्या रसाने बुडबुडे आले काय? यावरून कोणते अनुमान निघते?

२. ४५ किलो युरियाच्या गोणीत नत्र किती? ते पूर्ण वाढलेल्या किती झाडांना वर्षभर पुरेल?

३. तीन वर्षांच्या झाडाला वर्षाला युरिया किती लागेल? त्याचे तीन हप्ते कसे पाडाल?

४. कोवळी पाने पिवळी व जुनी पाने हिरवी असतील, तर युरिया का देऊ नये?

५. जुलै महिन्यात राधानगरी तालुक्यातील झाडाला खत देणे का टाळावे?

६. आपल्या घरच्या परड्यातील एका फळझाडाला कोण, केव्हा व कोणते खत घालते, याची माहिती घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा समजावा. आजीने सांगितलेली राखेची रीत, आजोबांचा उकिरडा, काकांची युरियाची गोणी ही सर्व वर्गात यावीत व पुस्तकातील ज्ञानाशेजारी बसावीत. त्यांतील कोणते आपल्या मातीला योग्य व कोणते अयोग्य, हे मुलांनी कारणासह सांगावे. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते शेतकऱ्याच्या व कष्टकऱ्याच्या घरापर्यंत विद्या जावी म्हणून. परड्यातील पिवळ्या पानाचे कारण ज्या मुलाला सांगता येते, आणि कारण कळेपर्यंत जो हातातील खत आवरून धरतो, त्याच्या घरी ती विद्या पोहोचली असे समजावे.